वीस लिटरचा जार आणि माझी पाठ

पोलीस भरतीसाठी रोज पहाटे ग्राउंड मारणारा मी. एका सकाळी पाण्याचा जार उचलायला वाकलो आणि थेट ऑपरेशन थिएटरच्या दिव्यांखाली पोहोचलो. त्यानंतरच्या चार महिन्यांची ही गोष्ट.

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्या छत्रपती संभाजीनगरात म्हण राहिलेली नाही, ते आमचं टाइमटेबल आहे. जायकवाडी भरलं तरी नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे रूम करून राहणाऱ्या पोरांचं नातं नळापेक्षा वीस लिटरच्या जारशी जास्त.

गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावर आमची रूम. लिफ्ट नाही. जार वर न्यायचं काम माझं, कारण मी भरतीवाला! रोज पहाटे विभागीय क्रीडा संकुलावर १६०० मीटर, मग ७.२६० किलोचा गोळा. माझ्यापुढे जारची काय बिशाद?

त्या दिवशी वाकलो, जरा वळलो आणि जार उचलला. कमरेत कट् झालं. विजेची तार ओढावी तशी कळ मांडीतून पार अंगठ्यापर्यंत गेली.

तीन आठवडे वाया

मी कुणाला सांगितलं नाही. गावी सांगितलं तर अण्णा म्हणणार, 'परत ये.' मेडिकलवरून गोळ्या आणल्या. कुणीतरी पत्ता दिला म्हणून एकाकडे पाठ चोळून घेतली. तो बाबा चक्क माझ्या कमरेवर उभा राहिला! उतरलो तेव्हा भिंत धरून चालत होतो.

मग एक दिवस जिना चढताना उजव्या पायातली चप्पल खालच्या पायरीवरच राहिली. आणि मला ते कळलंच नाही. मागून येणाऱ्या मित्रानं दाखवलं. पायाचा पंजा वर उचलत नव्हता.

त्या दिवशी घाबरलो. खरं सांगतो, पार टरकलो.

एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर धरली. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फाटून तिचा तुकडा नसेवर बसला होता. डॉक्टर म्हणाले, "गादी सरकलेली बहुतेक माणसं औषधं आणि व्यायामानं बरी होतात. पण तुझ्या पायातली ताकद चाललीये. थांबण्यात अर्थ नाही."

आई-अण्णा कन्नडहून लालपरीनं आले. अण्णांचा एकच प्रश्न : "साहेब, पोरगं चालंल ना?" माझ्या मनात दुसराच होता. तो मी विचारलाच. "सर, आणि भरती?"

"आधी चाल. पळायचं मग बोलू."

वॉर्डातले चार दिवस

रात्री बारानंतर पाणीसुद्धा बंद. सकाळी हिरवा गाऊन, हाताला सुई. गावात सगळे सांगत होते, 'पाठीला हात लावला की माणूस लुळा पडतो.' तेच डोक्यात घेऊन आत गेलो. भूल देणाऱ्या मॅडमनी गाव विचारलं. 'कन्नड' म्हणालो की नाही, आठवत नाही.

जाग आली तेव्हा पायातली कळ गायब! महिन्याभरात पहिल्यांदा. पण पंजा तसाच मलूल. डॉक्टर म्हणाले, "नस दबून होती, तिला वेळ दे. किती परत येईल, ते आज नाही सांगता येणार."

दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडमनी उभं केलं. उठायचीही पद्धत असते. लाकडाच्या ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, हातावर जोर देऊन बसायचं. कमरेतून पिळायचं नाही. दाराशी जाईपर्यंत घाम फुटला. १६०० मीटर मारणारा मी, आणि वीस पावलांत दमलो.

सगळ्यात अवघड काय होतं माहितीये? तेविसाव्या वर्षी आईनं पाय धुऊन देणं. मी भिंतीकडे तोंड केलं. ती म्हणाली, "लाजतो कशाला लेकरा, नवीन हाय का मला?" अण्णा कॉरिडॉरमध्ये सतरंजीवर झोपायचे. कापसाच्या पैशातून बिल भरलं, हे मला नंतर कळलं.

शेजारच्या खाटेवर वाळूजच्या कंपनीतले काका होते. त्यांनी मोबाइलवर बुमराह काढून दाखवला. मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला पाठीचं ऑपरेशन झालं, ऑगस्टमध्ये आयर्लंडला थेट कॅप्टन म्हणून परतला, आणि २०२४ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये प्लेअर ऑफ द टूर्नामेंट. त्याचं दुखणं वेगळं, त्याच्यामागे डॉक्टरांची फौज. हे मलाही कळत होतं. पण त्या रात्री तेवढं पुरलं.

पळायचं बाकी आहे

दोन महिने गावी. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, वळायचं नाही. फक्त चालायचं. आधी ओट्यापर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत. रोज जमिनीवर टॉवेल टाकून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा. पाचव्या आठवड्यात अंगठा हलला. आईला हाक मारून दाखवला, तर ती रडायला लागली.

त्या भरतीचा फॉर्म गेला. मित्र ग्राउंडला उतरले तेव्हा मी ओट्यावर बसून त्यांचे स्टेटस बघत होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता परत रूमवर आलोय. पहाटे संकुलावर जातो, पण चालायला. गोळ्याला हात लावलेला नाही. पंजा बराच सावरलाय, पूर्ण नाही. डॉक्टर पुढच्या महिन्यात सावकाश पळून बघू म्हणालेत. वय अजून हातात आहे. सोबत ग्रंथालयात बसून दुसऱ्या परीक्षांचाही अभ्यास सुरू केलाय. सगळी अंडी एकाच टोपलीत नकोत, एवढं पाठीनं शिकवलं.

आणि जार? तो आता दोघं मिळून उचलतो. गुडघ्यात वाकून.

पाठ बोलते, ऐका!

* कमरेतून पायात उतरणारी कळ अंगावर काढू नका. आधी डॉक्टर.
* पाठीवर कुणाला उभं राहू देऊ नका.
* पायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा : यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.
* खर्चाची धास्ती असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. सरकारी योजनेत तुमचा उपचार बसतो का, ते विचारा.
* वजन उचलताना कमरेत नाही, गुडघ्यात वाका आणि वजन अंगाजवळ धरा.