भिंतीआधी जमीन

मराठवाड्यातल्या भिंती वाचण्याचा नाद मला फार जुना. बीडहून केजकडे किंवा धारूरकडे जाताना गावाच्या टोकाला निळी कमान लागते, पंचशील ध्वज दिसतो, समाजमंदिराच्या भिंतीवर संविधान हाती घेतलेले बाबासाहेब असतात. मातंग वस्ती असेल तर अण्णाभाऊ आणि लहुजी वस्ताद. वस्तीच्या वर्गणीतून, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं काढलेली ही चित्रं. महाराष्ट्रात सार्वजनिक कला म्हणून जे काही आहे त्यात मी यांना सगळ्यात वर ठेवतो. तरी २०२० साली मिनिआपोलिसमधल्या जॉर्ज फ्लॉइडच्या भित्तिचित्राचे फोटो आपल्याकडे ज्यांनी हळहळून एकमेकांना पाठवले, त्यांतल्या किती जणांनी आपल्याच तालुक्यातली ही भिंत थांबून पाहिली असेल?

या दोन भिंतींना जोडणारा एक कागद आहे. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. निग्रो प्रश्नाचा मी विद्यार्थी आहे, तुमचं लेखन वाचत आलो आहे, तुमची आणि अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की हा अभ्यास मला अटळच आहे, असा त्याचा आशय. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांना कळलं होतं. त्याच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागितल्या. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांचं उत्तर निघालं. तुमचं नाव मला परिचित आहे, अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, असं त्यांनी कळवलं. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठानं जपून ठेवला आहे. त्यात मोठा आवेश नाही. एका लढणाऱ्यानं दुसऱ्याकडे अर्जाचा मसुदा मागावा, एवढाच व्यवहार. म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो.

पुढे १९६७ साली शिकागोच्या दक्षिण भागात, त्रेचाळिसावा रस्ता आणि लँगली अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, कृष्णवर्णीय चित्रकारांनी एका जुन्या इमारतीवर ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली. मोहम्मद अली, नीना सिमोन, माल्कम एक्स यांच्याबरोबर त्या भिंतीवर ड्यू बॉइसही होते. थोड्याच काळात चित्रकारांमध्ये भांडण झालं. नॉर्मन पॅरिशनं काढलेला भाग त्याच्याच साथीदारांच्या पुढाकारानं चुना फासून पुसला गेला आणि दुसऱ्या चित्रकारानं तो नव्यानं रंगवला. मला हे भांडण चुकीचं वाटत नाही. वस्तीची भिंत म्हटली की कोणाचा चेहरा कसा काढायचा यावर वाद होणारच. खरा घाव १९७१ मध्ये बसला. इमारतीला आग लागली आणि नंतर ती पाडली गेली. भिंतीवरचे चेहरे वस्तीचे होते, इमारत वस्तीची नव्हती.

बीड जिल्ह्यातल्या एका माणसाचं काम मी या घटनेशेजारी ठेवून वाचतो. एकनाथ आवाड, सगळ्यांचे ‘जिजा’. दुकडेगावच्या पोतराजाचा हा मुलगा मातंग समाजातून आला, ‘जय भीम’ म्हणत राहिला आणि २००६ मध्ये त्यानं बौद्ध धम्म स्वीकारला. ज्या काळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा प्रश्न मराठवाडाभर पेटला होता, त्याच काळात तो घडला. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं ठराव केल्यावर दलित वस्त्यांची जी राखरांगोळी झाली, ती वाचकांना सांगायला नको. ज्या घराची भिंत एका रात्रीत जाळता येते तिथे नुसता रंग पुरत नाही.

जिजांच्या मानवी हक्क अभियानानं गायरानाचा प्रश्न हाती घेतला. भूमिहीनांनी गायरानाची पडीक जमीन कसायची आणि सरकारदरबारी त्याचा पुरावा उभा करायचा. पुरावा कुठला? अतिक्रमण केलं म्हणून महसूल खात्यानं ठोठावलेल्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, आणि तलाठ्याकडच्या गाव नमुना १-ई या नोंदवहीतली नोंद. गुन्ह्याचा म्हणून फाडलेला कागद हक्काचा म्हणून जपायचा! ट्रंकेत घडी घालून ठेवलेली अशी पावती मला वॉल ऑफ रिस्पेक्टच्या तोडीची वाटते. नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमानुकूल करण्याची वाट उघडली. आंबेडकर जयंतीची ती तारीख, बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्षही तिथूनच सुरू झालं.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला, तेही ‘मराठवाडा’ कायम ठेवून. नांदेडच्या गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी आत्मदहन केलं त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पुढे नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं, बीड मात्र या नावाखालीच राहिलं. इथल्या पदवीच्या कागदावर ते छापलेलं असतं. सातबाऱ्याचं तसं नाही. गायरान कसणाऱ्या अनेकांची नावं आजही त्यावर चढलेली नाहीत. जिजा २०१५ मध्ये गेले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या अतिक्रमणांना राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा लोकांना दंडाच्या त्या जुन्या पावत्या पुन्हा शोधाव्या लागल्या.