आज्ञावलीची मूळ सामग्री : कोठून घ्यावी, कशी पारखावी?

घर बांधावयाचे ठरले म्हणजे वीट, वाळू आणि चुना कोठून आणावयाचा, हे गवंडी येण्यापूर्वीच ठरवावे लागते. संगणकाची आज्ञावली सिद्ध करतानाही हाच प्रश्न असतो. मात्र काम अडून पडेपर्यंत तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

घराघरांतून दिसणाऱ्या राउटरसारख्या अनेक लहान यंत्रांच्या अंतरंगात लिनक्स प्रणाली कार्य करीत असते. अशा यंत्राकरिता संपूर्ण प्रणाली मूळ सामग्रीपासून घडविणारे ‘बिल्डरूट’ हे साधन २००१ सालापासून विकसित होत आले असून ते सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे. या साधनाबरोबर मूळ सामग्री मात्र येत नाही. प्रत्येक घटकाचे नाव, आवृत्ती, मिळण्याचा पत्ता आणि तो घडविण्याची रीत एवढेच त्यात नोंदलेले असते. प्रत्यक्ष सामग्रीचे गठ्ठे बांधणीच्या वेळी इंटरनेटवरून उतरवून घेतले जातात, आणि साध्याशा प्रणालीलाही असे कित्येक गठ्ठे लागतात. त्यांपैकी एखाद्याचा पत्ता पाच वर्षांनी नाहीसा झालेला असला, तर जुन्या यंत्राची दुरुस्ती करू इच्छिणाऱ्याने काय करावे?

याचे उत्तर ‘मेक मेन्युकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यावर उघडणाऱ्या यादीत ‘बिल्ड ऑप्शन्स’ या सदराखाली सापडते. तेथील पहिली महत्त्वाची नोंद म्हणजे उतरवलेले गठ्ठे ठेवण्याची जागा. काही न सांगितल्यास बिल्डरूट ते आपल्याच ‘डीएल’ नावाच्या कप्प्यात ठेवते. त्यामुळे बिल्डरूटच्या दोन प्रती घेऊन दोन कामे चालविणारा मनुष्य तेच गठ्ठे दोनदा उतरवितो. सामाईक जागा नेमून दिली की हा अपव्यय टळतो.

दुसरी नोंद सामग्री शोधण्याच्या क्रमाची. गठ्ठा साठ्यात नसेल तर साधन प्रथम ‘प्रायमरी साइट’वर, मग घटकाच्या मूळ पत्त्यावर आणि शेवटी बिल्डरूटच्या स्वतःच्या राखीव भांडारात शोध घेते. प्रायमरी साइटची जागा मुळात रिकामी असते, ती आपण भरावयाची. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत वीस संगणक आणि इंटरनेटची जोडणी क्षीण असेल, तर एका संगणकावर सर्व गठ्ठे ठेवून त्याचाच पत्ता येथे द्यावा. केवळ याच भांडारातून सामग्री घ्यावी, असेही बजावता येते. मग एखादा गठ्ठा तेथे नसल्यास साधन बाहेर न जाता थांबते. प्रथमदर्शनी ही अडवणूक वाटेल. परंतु साठ्यातील उणीव त्याच दिवशी कळते, हा लाभ थोडा नव्हे.

आता पारख. घटकाच्या नोंदीशेजारी ‘हॅश’ नावाची धारिका असते व तीत गठ्ठ्याचा ६४ अंकाक्षरी ठसा लिहिलेला असतो. गठ्ठ्यातील एक अक्षर बदलले तरी ठसा निराळा निघतो आणि साधन तो गठ्ठा नाकारते. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहब या संकेतस्थळाने गठ्ठे आवळण्याची पद्धत बदलली. आतील मजकूर तोच होता, पण ठसे बदलले आणि जगभरातील अनेकांच्या बांधण्या अडल्या. तो बदल लगोलग मागे घेण्यात आला. अशा वेळी नवा ठसा नोंदीत चिकटवून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. तसे करणे म्हणजे वजन जुळत नाही म्हणून मापच बदलण्यासारखे आहे. जुना गठ्ठा आपल्या भांडारातून किंवा राखीव भांडारातून काढावा, दोहोंतील मजकूर ताडून पाहावा आणि मगच निर्णय घ्यावा.

तथापि ठशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या घटकाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा उघडकीस आला. तो प्रकल्पातीलच विश्वासू मानल्या गेलेल्या हातांनी, अधिकृत गठ्ठ्यातच घातलेला होता. तेथे ठसा तंतोतंत जुळला असता. वस्तू वाटेत बदलली नाही एवढेच ठसा सांगतो. ती मुळात निर्मळ होती की नाही, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

ज्यांना जोडणी नसलेल्या ठिकाणी काम करावयाचे आहे त्यांनी आधी ‘मेक सोर्स’ ही आज्ञा द्यावी. तिने बांधणी न होता फक्त सामग्री उतरते. ही सामग्री, बिल्डरूटची तीच आवृत्ती आणि आपल्या निवडींची ‘डॉट कॉन्फिग’ धारिका, ही तिन्ही एकत्र जपावीत. यंत्र विकणाऱ्यांवर तर अनेक घटकांच्या परवान्यांनुसार मूळ सामग्री मागणाऱ्यास देण्याची जबाबदारीही असते. त्यांच्यासाठी ‘मेक लीगल-इन्फो’ ही आज्ञा आहे.

साठा पुरता भरला की नाही हे पाहण्यासाठी नेटवर्कची तार काढून नव्या कप्प्यात बांधणी सुरू करावी. ज्या गठ्ठ्याच्या नावापाशी काम थांबेल, तो अद्याप आणावयाचा राहिला आहे असे समजावे.