मायलेजचा आकडा आणि पेठेतले सिग्नल

पुण्यातल्या एआरएआय या संस्थेत गाडी रोलरवर ठरावीक वेगक्रमाने चालवून तिचं मायलेज मोजतात. सदाशिव पेठेच्या गर्दीत तो आकडा हाती लागत नाही, म्हणून मोजमापच फोल, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. चाचणी सर्वांना सारखी असते, म्हणूनच दोन गाड्यांची तुलना करता येते. इंजिनाची कमाल कार्यक्षमता मात्र निराळी. चांगलं पेट्रोल इंजिन इंधनातली ३५ ते ४० टक्के ऊर्जा कामी लावतं, पण पुरेसा भार असतानाच. टिळक रस्त्यावर सिग्नलला उभ्या गाडीत पेट्रोल जळतं, अंतर शून्य. हायब्रिड गाडी तिथे इंजिन बंद ठेवते, ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जाही साठवते. पेठेतल्या ग्राहकाने कमाल कार्यक्षमतेला भुलू नये, शहरी वेगातलं मायलेज विचारावं.