मोटर जळालेली नसते

मंगळवेढ्यात गाडीचा वायपर झिजून मरत नाही, बसून बसून मरतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा तालुका. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातही भरवसा परतीच्या पावसाचा. त्याच ओलीवर काळ्या रानात मालदांडी ज्वारी पिकते. दुष्काळात बादशाही कोठारं रयतेला खुली करणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. पावसाचा हिशेब इथं कायम तंगच. अशा ठिकाणी हौसेनं जपलेल्या जुन्या गाडीचा वायपर महिनोन् महिने धूळ खात काचेवर पडून राहतो. मग सोलापूरच्या रस्त्यावर हस्ताची एखादी सर गाठते, खटका ओढला तरी पातं हलत नाही आणि निदान तयार असतं : मोटर जळाली.

बहुतेक वेळा ती जळालेली नसते.

प्रीमियर पद्मिनीच घ्या. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. म्हणजे ओढूनताणून का होईना, ही आपल्या जिल्ह्याची नात. तिच्या वायपरचा विजेचा मार्ग अगदी साधा आहे. १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज, डॅशबोर्डवरचा खटका आणि मोटर. परतीसाठी वेगळी तार नाहीच. गाडीचा पत्राच करंट बॅटरीकडे परत नेतो. गॅरेजात याला नुसतं ‘अर्थ’ म्हणतात.

मोटरीच्या आतली तांब्याची गुंडाळी बंदिस्त असते, तिला सहसा काही होत नाही. दुखणं असतं ते सांध्यांना. तांबं-पितळ हवेत उघडं पडलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. रोज वापरातल्या खटक्याचे संपर्क एकमेकांवर घासून हा थर खरवडत राहतात. न वापरलेल्या खटक्यात तो निवांत वाढतो. वायपर बसून मरतो, तो असा.

थर दिसायला क्षुल्लक, पण हिशेब करून पाहा. मोटर ३ अँपिअर करंट ओढते असं धरू. वाटेत एखाद्या सांध्याचा रोध १ ओहम झाला, तर ओहमच्या नियमानं ३ व्होल्ट तिथंच खर्ची पडतात आणि मोटरीच्या वाट्याला ९ उरतात. पातं रडतखडत फिरतं. शिवाय टाचणीच्या डोक्याएवढ्या त्या जागी ९ वॅट उष्णता निर्माण होते. जुन्या खटक्याच्या एखाद्या पिनेभोवतीचं प्लास्टिक करपून तपकिरी झालेलं दिसतं, त्याचं कारण हेच.

इथं नवशिक्याला फसवतो तो डिजिटल मीटर. मोटरीची तार सोडवून मीटर लावला की तो बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम. त्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही, मग सांध्यावर व्होल्ट पडणार कुठून? अख्खी तार तुटून एकच धागा शिल्लक असला तरी आकडा तोच. म्हणून जुने वायरमन होल्डरला दोन तारा जोडलेला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जवळ बाळगतात. तो पावणेदोन अँपिअर मागतो. सांधा कच्चा असेल तर मिणमिणतो. या कामात मी मीटरपेक्षा बल्बावर जास्त विश्वास ठेवीन. मीटरच वापरायचा असेल तर मोटर जोडलेली ठेवून, खटका चालू करून मोजावं.

अर्थ तपासण्याची युक्ती आणखी सोपी. मोटरीच्या अंगापासून बॅटरीच्या अर्थाच्या टोकापर्यंत एक जाड तार तात्पुरती जोडायची. पातं एकदम जोरात पळू लागलं तर गुन्हेगार सापडला. अर्थाचा स्क्रू काढून पाहिला तर थिंबलखाली हिरवट पूड किंवा तांबूस गंज असतो. कधी कधी तिथं असतो चकचकीत नवा रंग! जुनी गाडी डेंटिंग-पेंटिंग करून आणली आणि दुसऱ्याच दिवशी वायपर बंद पडला, ही तक्रार गॅरेजवाल्यांना तोंडपाठ आहे. रंग विजेला अडवतो. स्क्रूपुरता रंग पॉलिश पेपरनं खरवडून पत्रा उघडा करायचा, स्क्रू घट्ट पिळायचा आणि वरून थोडं ग्रीस लावायचं, की काम झालं.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मोटर फिरत असताना तिच्या गुंडाळीत उलट दिशेचा विद्युतदाब तयार होतो आणि तोच करंटला आवर घालतो. मोटर अडली की हा विरोध शून्य होतो आणि करंट कैक पटींनी वाढतो. अडवणारं काय असतं? गिअरमधलं ग्रीस. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल; वर्षानुवर्षांत तेल निघून जातं आणि मागं राहतो चिवट गोळा. त्यात काळ्या मातीची धूळ गेली की पात्याच्या दांड्याचे बुशही जाम होतात. म्हणून दांड्या सोडवून मोटर एकटी फिरवून पाहावी. ती सुरळीत फिरली तर दोष यंत्रणेत आहे, विजेत नाही. फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून वेळ मारून नेणाऱ्यांनी पुढच्या खेपेला वायरिंग जळण्याची तयारी ठेवावी.

आपोआप जागेवर येऊन थांबणाऱ्या वायपरचा शेवटचा चकवा म्हणजे पार्किंग. खटका बंद केला तरी पातं काचेच्या तळाशी येईपर्यंत फिरतं, कारण गिअरजवळचा छोटा स्विच मोटरीला दुसऱ्या वाटेनं करंट देत असतो. पातं तळाशी आलं की तो तुटतो. कायम चुंबक असलेल्या बऱ्याच मोटरींत त्याच क्षणी मोटरीची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. फिरती मोटर जनित्र बनते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. पातं काचेच्या मधोमध थांबत असेल तर हा संपर्क मळलेला आहे. ते थांबायचं नावच घेत नसेल तर संपर्क चिकटला असण्याची शक्यता जास्त.

हे सगळं दुरुस्त झाल्यावर पाती घाईनं बसवू नयेत. आधी मोटर नुसती चालवावी, खटका बंद करून तिला आपल्या जागी थांबू द्यावं आणि मगच पाती काचेच्या तळाशी आडवी ठेवून दांड्यांवर दाबावीत. पहिली चाचणी काचेवर पाणी ओतून घ्यावी. कोरड्या काचेवर रबर अडतं आणि नवा फ्यूज तिथंच जातो.