हँडल बदलले, स्वार वाकला

मोटारसायकलींच्या जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरविल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत पुन्हा एकदा झळकली आणि आवाजाविषयी यथेच्छ चर्चा झाली; परंतु ते सायलेन्सर बसविणाऱ्या त्याच गॅरेजांत, त्याच हौसेपोटी, कितीतरी अधिक बिनदिक्कतपणे जे हँडल बदलले जाते, त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

वास्तविक हँडल बदलल्याने पुढच्या फोर्कचा कल तसूभरही बदलत नाही. बदलतो तो स्वार. रॉयल एनफील्डने 2018 साली याचे प्रात्यक्षिक आपणहूनच बाजारात मांडले. इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेन्टल जीटी यांचे 648 सीसीचे इंजिन एकच, चौकटीची मूळ रचनाही एकच. परंतु पहिलीला उंच, रुंद हँडल, तर दुसरीला फोर्कच्या नळ्यांना आवळलेल्या दोन आखूड दांड्या, म्हणजे क्लिपऑन, आणि मागे सरकविलेले फूटरेस्ट. पहिलीवर मनुष्य ताठ बसतो, दुसरीवर टाकीवर ओणवा होतो.

लंडनच्या एस कॅफेभोवती 1950 नंतर जमणाऱ्या तरुणांनी लोकप्रिय केलेल्या या ओणव्या बैठकीमागे वेगाचा हिशेब होता. धड झुकले की वाऱ्याचा अडसर घटतो, देहाचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो, आणि समोरचा वारा छातीला आधार देत असल्याने मनगटांवरील ओझे हलके होते. परंतु पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर सायंकाळी सहा वाजता तो वारा आणावयाचा कोठून? तेथे सारा भार तळहातांवर येतो आणि क्लच दाबून दाबून अंगठ्याच्या मुळाशी कळ उठते. फूटरेस्ट जागच्या जागी ठेवून केवळ हँडल खाली आणणे हा तर कमरेवर निव्वळ जुलूम.

रुंद हँडलाने तरफ लांबते, वळविण्यास बळ कमी लागते, म्हणून खड्डे चुकविण्यास ते सोयीचे. महामार्गावर मात्र ताठ स्वाराच्या छातीवर वारा आदळतो, स्वार नकळत हँडलाला लोंबकळतो, आणि ती ओढ थेट चाकापर्यंत पोहोचून गाडी डुलू लागते.

हँडल उंचावले की केबली ताणतात. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवावे. रेस आपोआप वाढली तर केबल आखूड पडली असे खुशाल समजावे.

मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारास दर फेरफारामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा प्रथम आहे तेच हँडल किंचित मागेपुढे फिरवून, लिव्हर मनगटाच्या रेषेत आणून, बोल्ट नीट आवळून महिनाभर गाडी चालवून पाहावी. नव्या हँडलाचा विचार त्यानंतर.