खातं गोठलं? आधी कागद मागा!

समजा, लोकल पकडण्याआधी तुम्ही देहूरोड स्टेशनबाहेर वडापाव घेतलाय. मोबाईलवरून पैसे द्यायला जाता, तर पेमेंट फेल. पुन्हा फेल. बँकेत गेल्यावर कळतं, पोलिसांच्या सांगण्यावरून खातं गोठवलंय. तेही दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांच्या! मेसचे पैसे, परीक्षेची फी, सगळं अडकलं.

असं का होतं? ऑनलाईन फसवणूक झालेली व्यक्ती १९३० या हेल्पलाईनवर तक्रार करते. तिचे पैसे ज्या खात्यांमधून पुढे गेले, ती खाती थांबवली जातात. तुम्ही जुना मोबाईल विकला आणि घेणाऱ्याने फसवणुकीच्या पैशांतून किंमत चुकवली, तरी त्या साखळीत तुमचं खातं येतं.

पोलिसांना हा अधिकार आहे का? आहे. बँक खातं ही 'मालमत्ता' आहे आणि तपासात ते गोठवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी या खटल्यात सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाचं उलटं मत तेव्हा चुकीचं ठरलं. आज ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. पण त्याच कलमात पोलिसांवर बंधनही आहे. जप्तीची माहिती मॅजिस्ट्रेटला तत्काळ कळवावी लागते. म्हणजे पोलिसांचा शब्द शेवटचा नाही. आणि खातं गोठलं म्हणजे तुम्ही आरोपी झालात, असंही नाही.

मग करायचं काय?

- बँकेला लेखी अर्ज द्या. कोणत्या पोलीस ठाण्याने, कोणत्या तक्रारीत, किती रकमेसाठी खातं थांबवलं, हे विचारा. अर्जाची पोच घ्या.
- तपास अधिकाऱ्याला ई-मेल करा. व्यवहाराचे पुरावे, चॅट, पावती जोडा.
- फक्त वादातली रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करा, अशी मागणी करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असाच दिलासा दिला होता. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण दाखला देता येतो.
- तरीही दाद मिळाली नाही, तर कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

आणि एक. 'तुझं खातं दोन दिवस वापरायला दे, कमिशन देतो' असं कुणी म्हणालं, तर स्पष्ट नाही म्हणा. तिथे मात्र तुम्ही खरोखरच आरोपी होऊ शकता.