फोटोखालचे नाव पुसू नका!

विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले दुसरे शील सांगते, की जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही. ते म्हणून आपण बाहेर येतो, खिशातला मोबाईल काढतो आणि कुणाचा तरी फोटो, कुणालाही न विचारता, चार ठिकाणी पाठवून देतो. हेसुद्धा न दिलेले घेणेच आहे, हे कळायला मला एक प्रसंग घडावा लागला.

आमच्या वस्तीतला एक मुलगा लग्नाकार्याचे फोटो काढून घर चालवतो. एका १४ एप्रिलला त्याने बिंदू चौकात एक फोटो टिपला. म्हातारीच्या कडेवर नातू आणि नातवाचा हात बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे. कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याचे नाव होते. रात्रीपर्यंत फोटो गावभर फिरला, नाव मात्र कुणीतरी कापले होते. जयंतीच्या स्मरणिकेचे काम माझ्याकडे होते. मीही तोच कापलेला फोटो मुखपृष्ठावर घेतला. कागद, छपाई, बांधणी, सगळ्याचा पै-पैचा हिशेब मी ठेवला. फोटो काढणाऱ्याचा रकाना त्यात नव्हताच. तो मुलगा घरी आला. म्हणाला, "काका, पैशाचं न्हाई हो. पर माझं नाव का काढलासा?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

याच बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेबांच्या हयातीतच, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने बसले. ते घडवले शिल्पकार बाळ चव्हाण यांनी. हार घालणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे नाव ठाऊक आहे? डिसेंबर १९५६ मध्ये मुंबईत निघालेली बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून चित्रित केली. महापरिनिर्वाण दिन जवळ आला की ती दृश्ये मोबाईलवर फिरतात, व्हटकरांचे नाव क्वचितच. ज्या समाजाच्या श्रमावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे नाव लागले, त्यानेच आपल्या माणसाचे नाव पुसावे, याला काय म्हणावे?

कायदा काय सांगतो तेही पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटो काढणाऱ्याला लेखकासारखाच हक्क दिला आहे. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क हयातभर आणि पश्चात ६० वर्षे टिकतो. इंटरनेटवर दिसला म्हणून फोटो कुणाचाही होत नाही. जाणूनबुजून हक्क मोडणाऱ्याला कलम ६३ खाली तुरुंगवास आणि दंडही होऊ शकतो.

यात एक मेख आहे. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणून आपल्या तरुण फोटोग्राफरांनी पावतीवर दोन ओळी लिहून घ्याव्यात. मात्र कलम ५७ प्रमाणे 'हा फोटो मी काढला' असे म्हणण्याचा अधिकार हक्क विकल्यावरही राहतो.

फोटो चोरीला गेला तर घाबरू नये. मूळ फाईल जपून ठेवावी. जिथे फोटो दिसला त्या पानाचे तारखेसह चित्र घ्यावे. वापरणाऱ्याला आधी लेखी कळवावे; बरेचदा तेवढ्यावर काम भागते. न ऐकल्यास संबंधित कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. २०१३ च्या नियमांप्रमाणे कंपनीने ३६ तासांत कारवाई करायची असते. पण २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही, तर फोटो पुन्हा खुला होऊ शकतो.

आणि आपण, वापरणाऱ्यांनी? जयंती मंडळांनी फलकावर फोटो घेण्याआधी एक फोन करावा, परवानगी घ्यावी, खाली नाव छापावे, जमेल ते मानधन द्यावे. नाव माहीत नसेल तर शोधावे. माता-भगिनींनी घरातल्या मुलांनाही ही सवय लावावी.

पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत आम्ही त्या मुलाचे नाव पहिल्या पानावर छापले, चुकीच्या कबुलीसह. हिशेबाच्या वहीत आता एक नवा रकाना आहे : छायाचित्रकाराचे मानधन. तुमच्या मंडळाच्या वहीत तो आहे का, एकदा पाहा.

जयभीम!